तुले काय नाही येत?

बळवंतराव वकिलांच्या कचेरीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल फितीत बांधलेलं एक जाडजूड बाड होतं. नवखा पक्षकार त्याच्याकडे आदरानं बघायचा. हायकोर्टापर्यंत गेलेला जमिनीचा खटला असावा, असं त्याला वाटायचं. प्रत्यक्षात त्या बाडात कागदांवर टाचलेल्या चिंध्या होत्या. पांढऱ्या धोतराच्या, वीतभर लांबीच्या, आणि प्रत्येकीवर तेलाचा एक डाग. डागाखाली वकिलांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख आणि शेरा. 'निशाणी ४१. रंग मधासारखा. बोटाला कचकच नाही.' 'निशाणी ४२. किंचित काळसर. नजर ठेवणे.'

ते डाग त्यांच्या मोटारीच्या इंजिनातल्या तेलाचे होते.

मी तेव्हा दारव्ह्याच्या पोस्टात कारकून होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वकिलांच्या शेजारच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि माझे वडील असे राहायचो. वकिलांचं वय साठीच्या घरात, अंगानं काटकुळे, आणि बाराही महिने काळा कोट. मोटार जुनी, विलायती, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. कापसाच्या एका जिनिंगचा मॅनेजर गाव सोडून जाताना त्यांना विकून गेला होता. आमच्या आळीत तेवढी एकच मोटार.

रोज सकाळी आठ वाजता त्या मोटारीचं कोर्ट भरायचं. वकील बॉनेट उघडत. आधी रेडिएटरमध्ये फडक्यातून गाळलेलं पाणी. तेही नदीचं, कारण आमच्या विहिरीचं पाणी खारं आणि "खारं पाणी मोटारीच्या पोटात खडा करते." मग बॅटरीचं पाणी. मग ब्रेकच्या तेलाची डबी. आणि शेवटी इंजिनातली तेलाची पट्टी. तिला ते साक्षीदार म्हणायचे. साक्षीदाराला बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा आत घालायचं आणि दुसऱ्यांदा काढायचं.

"पहिली जबानी धरायची नाही," ते सांगायचे. "पहिल्या जबानीत साक्षीदार घाबरलेला असते."

एकदा मी विचारलं, "रोज कायले पाहता, वकीलसाहेब? कालच तर पाह्यलं."

"खून होते त्याच्या आदल्या दिवशी आरोपीनं काहीच केलेलं नसते, पोस्टबाबू," ते म्हणाले आणि चिंधीवर तारीख घालू लागले.

एवढं करून तेल बदलायचं कुठं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. इंजिनाचं तेल ठराविक मैलांनंतर काढून नवं घालावं लागतं, आणि त्यासाठी मिस्त्री लागतो. बळवंतरावांना मिस्त्री पसंत पडणं म्हणजे मुलीला स्थळ पसंत पडण्यापेक्षा अवघड. यवतमाळच्या एका गॅरेजात त्यांनी मालकाची इतका वेळ उलटतपासणी घेतली, की त्यानं शेवटी हात जोडले आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही मोटार घेऊन जा, मले दुसरी कामं हायेत." दुसऱ्या गॅरेजात त्यांना बाहेर बाकावर बसवून चहा दिला. चहा संपेपर्यंत तेल बदलून झालं होतं. "माह्या मागं बदललं," वकील महिनाभर सांगत होते. "बदललं असंल. पण पुरावा कुठं हाय?" अमरावतीचं गॅरेज झकपक होतं. भिंतीवर कॅलेंडर, कामगारांना निळे कपडे. तिथं त्यांनी मोटारीखाली स्वतः झोपून बघायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मोटार तशीच परत आली, जुनं तेल पोटात घेऊन.

प्रत्येक ठिकाणी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. सगळं बोलणं झाल्यावर चष्मा काढून ते विचारायचे, "तुले काय नाही येत?"

मिस्त्री लोक हसायचे. "साहेब, सगळंच येते," म्हणायचे. तिथंच निकाल लागायचा.

बोरी अरबला, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एक टिनाची शेड होती. तिथं सुखदेव मिस्त्री एकटाच काम करायचा. लढाईच्या काळात तो फौजेच्या ट्रकांवर होता. शेडमध्ये हत्यारं ओळीनं टांगलेली आणि त्यांच्या वर बुद्धाची नवीकोरी तसबीर. एकदा यवतमाळहून येताना वकिलांच्या मोटारीचा पंख्याचा पट्टा तुटला म्हणून ते तिथं थांबले. सुखदेवनं पट्टा बसवला. वकिलांनी चष्मा काढला आणि प्रश्न विचारला.

सुखदेवनं हात पुसत थोडा विचार केला. "लाईटीचं काम नाही जमत मले. वायरा पाह्यल्या का डोकं फिरते. अन् पेंटबी नाही येत."

वकिलांनी त्याच दिवशी तेल बदलून घेतलं. स्वतः मोटारीखाली झोपून, सुखदेवच्या शेजारी.

ते तिथं बसतात, पाणी पितात, जेवतात, हे गावात कळलं तेव्हा थोडी कुजबूज झाली. देवळातल्या एका गृहस्थांनी तर तोंडावर विचारलं. वकील म्हणाले, "त्याच्या हातचं तेल माह्या मोटारीले चालते. त्याच्या हातचं पाणी मले न चालायले मी काय मोटारीहून मोठा हाव?" ते गृहस्थ मोटारीत बसून दोनदा यवतमाळला जाऊन आलेले होते, त्यामुळे विषय तिथंच थांबला.

मी हे सगळं गंमत म्हणून बघत होतो. मग एका सकाळी बाबांच्या पोटात कळ उठली.

त्यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता, बरीच वर्षं. त्या दिवशी तो अडकला. पोट दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्या. आज ऑपरेशन झालं पाहिजे. दुपार नका होऊ देऊ." सकाळची रेल्वे निघून गेली होती. पुढची मोटारबस अकराला. मी वकिलांच्या दारात गेलो. बाबांचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कोट चढवला.

बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं. बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पुढं बसलो. आणि वकिलांनी बॉनेट उघडलं.

मला त्या क्षणी त्यांचा जीव घ्यावासा वाटला. "वकीलसाहेब, आज राहू द्या ना. हात जोडतो."

मागं बाबा कण्हत होते. बॉनेटच्या आडून वकिलांचा आवाज आला, अगदी हळू. "ब्रेकचं तेल कमी हाय. काल भरून होतं. आज बोटभर उतरलं."

"मंग?"

"मंग ते गेलं कुठं?" त्यांनी ब्रेक दाबून बघितला, मग वाकून एकेक चाक तपासलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतून ओला ओघळ आलेला. त्यांनी डबीत होतं नव्हतं ते तेल ओतलं, मोटार चालू केली आणि म्हणाले, "बोरीपर्यंत नेतो. हळू नेतो, पण नेतो. त्याच्या पुढं असं नेणार नाही."

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. उतार आला की वकील पहिल्या गिअरमध्ये मोटार रांगवत नेत, एक हात हँडब्रेकवर. बैलगाड्या आमच्या पुढं जात होत्या. गाडीवाले वाकून आत बघत. मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्यांना, मोटारीला, स्वतःला. बोरी येईपर्यंत ब्रेकवरचा पाय पार खाली टेकायला लागला होता.

सुखदेवनं मोटारीत बघितलं, बाबांना बघितलं, आणि काही न विचारता चाक काढलं.

"आतलं रबर गेलं साहेब," तो म्हणाला. "माह्याजवळ नाही. यवतमाळलेच भेटंल."

"मंग काय करतं?"

"ह्या चाकाले जाणारी नळी बंद करून टाकतो. तीन चाकाले ब्रेक राहीन. तीनावर जाता येते. पण आधी आतली हवा काढा लागंल, नाहीतर पाय खालीच जाईन." त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाबू, तुमी ब्रेकवर बसा. मी सांगतो तसं करा."

त्यानं तांब्याची बारीक नळी कापली, टोक दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि ऐरणीवर ठोकून चपटं केलं. मग नवं तेल ओतलं आणि दुसऱ्या चाकाखाली शिरला. हातात काचेची बाटली, तिच्यात रबरी नळी. "दाबा," तो खालून म्हणायचा. "धरा. आता सोडा." मी दाबत होतो, धरत होतो, सोडत होतो. वकील बाटलीतले बुडबुडे मोजल्यासारखे बघत उकिडवे बसले होते. सुखदेवच्या बायकोनं, काशीबाईनं, बाबांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. एका वेळी माझ्या पायाखालचा ब्रेक एकदम टणक झाला. पायाखाली जमीन लागावी तसा.

"बुडबुडा नाही आता," वकील म्हणाले.

सारं मिळून अर्धा तास लागला असेल.

बोरी सोडून काही मैल गेल्यावर रस्ता एका नाल्याकडे उतरतो. वळण घेतलं तर पुढं गुरंच गुरं. तांड्यावरची शंभरेक जनावरं रस्ता ओलांडत होती आणि मधोमध एक म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. वकिलांनी ब्रेक दाबला. मोटार किंचित उजवीकडे ओढली गेली, थरथरली आणि थांबली. म्हातारीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेनं निघून गेली. सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं नसतं तर काय झालं असतं, ते सांगायची गरज नव्हती. वकिलांनी पुन्हा पहिला गिअर टाकला.

बाबांचं ऑपरेशन बारा वाजता झालं. दोन वाजता डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आले ते वेळेवर आले." मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. छातीवरून कुणी पोतं उतरवून ठेवावं तसं वाटत होतं. समोर अंगणात बळवंतराव नवं रबर हातात धरून उजेडात उलटसुलट तपासत होते.

बाबा पंधरा दिवसांनी घरी आले, काठी टेकत पण हसत. त्यानंतरच्या रविवारी मी बुंदीचे लाडू घेऊन मोटारबसनं बोरीला गेलो. सुखदेवला भेटायचं राहून गेलं होतं.

कडुनिंबाखाली हिरवी मोटार उभी होती. बाजेवर बळवंतराव झोपले होते. कोट शेडच्या खिळ्याला टांगलेला, तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळत. चार वर्षांच्या शेजारात मी त्यांना झोपलेलं सोडा, टेकलेलंसुद्धा बघितलं नव्हतं.

"तेल बदलायले आले काय?" मी हळूच विचारलं.

"तेल मागच्या महिन्यातच बदललं," सुखदेव म्हणाला. "अजून दोन महिने पाहा लागत नाही."

"मंग?"

त्यानं लाडवाचा डबा काशीबाईकडे दिला आणि माझ्याजवळ येऊन बसला. "हर दुसऱ्या ऐतवारी येतेत. पह्यल्यांदा असे आले तवा मले इचारलं, सुखदेव, तेल काळं वाटते काय रे? मी खरं सांगितलं, नाही साहेब, चांगलं हाय. तर उठले. मोटारीत जाऊन बसले, चाबी हातात धरून. पण निघतच नव्हते. बराच वेळ झाला. मंग मी म्हटलं, तसं पाह्यलं तर जरासं काळसर वाटते साहेब. उतरवून गाळून पाहू. दिवस जाईन त्यात. तर लगेच खाली उतरले."

"अन् गाळून?"

"तेच पुन्हा टाकतो. त्यायले ठाऊक हाय. मलेबी ठाऊक हाय."

वकिलांच्या नावाचं टपाल माझ्याच हातून जायचं. कोर्टाची पाकिटं रोज. जबलपूरच्या मुलीचं पत्र वर्षातून दोनदा, तेही कार्ड. त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

चुलीजवळ एक ताट झाकून ठेवलेलं होतं. उन्हाची तिरीप सरकून त्यांच्या तोंडावर आली, तेव्हा काशीबाई उठली आणि तिनं बाजेच्या डोक्याशी लुगडं बांधून आडोसा केला.

तेल उतरवून गाळायला आपणही हातभार लावावा म्हणून मी बॉनेट उघडायला गेलो. सुखदेवनं माझा हात धरला.

"राहू द्या, बाबू," तो म्हणाला. "आवाज होईन. झोपू द्या त्यायले."