परातीतले बूट

गुरुवारी सकाळी देवश्रीने बाल्कनीचं दार उघडलं तेव्हा कणीक मळायच्या परातीत तिच्या मुलीचे, ईराचे, बॅलेचे नवे बूट होते. फिकट गुलाबी सॅटिनचे, अजून रिबनसुद्धा न शिवलेले, आणि काठापर्यंत एरंडेलाने भरलेले.

शेजारी देवश्रीचे वडील, मधुकरराव, चहा पीत उभे होते. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. कुठलीही वस्तू हातात आली की अंगठ्याने दाबून पाहायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"बाबा, हे काय आहे?"

"रात्रभर मुरलेत. उद्यापर्यंत ठेवले की लोण्यासारखे होतील."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

मधुकररावांनी चहाचा घोट जरा जास्तच वेळ तोंडात धरला. "सांगायला कशाला पाहिजे? कोल्हापुरी वहाणांना काय करतो आपण? नवी वहाण चावते. तेलात ठेवली की चावत नाही."

"वहाण चामड्याची असते."

"मग हे कशाचे आहेत?"

"कापड आणि खळ, बाबा. थरावर थर चिकटवलेले."

मधुकरराव परातीवर वाकले. एका बुटाच्या टोकापाशी बुडबुडा आला आणि फुटला.

"असं होय," ते म्हणाले.

हे बूट मिळायला दोन वर्षं लागली होती. पायांच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे हे बूट मुलीच्या पायात ताकद आल्याशिवाय देत नाहीत. बसवनगुडीच्या क्लासमधल्या वीणा मिसनी दोन वर्षं "अजून नाही" म्हणून झाल्यावर जानेवारीत मान हलवली होती. बूट बसवून देणारी बाई मुंबईहून वर्षातून दोनदाच बेंगळुरूला यायची. रविवारी तिने बारा वर्षांच्या ईराला सात जोड घालून पाहिले. बोटं कुठे दुमडतात ते चाचपलं, टाचेमागचं कापड चिमटीत धरून पाहिलं, बोटांवर घालायच्या मऊ टोप्या निवडून दिल्या, रिबन आणि इलॅस्टिक कापून दिलं.

तेव्हा मधुकरराव तिथे होतेच. "एक नंबर मोठाच द्या," ते म्हणाले होते. "वाढतं अंग आहे."

"नाही आजोबा. मोठा घेतला तर पाय आत घसरतो आणि घोटा जातो."

घोटा जातो म्हटल्यावर मधुकररावांनी मोठ्या नंबरचा हट्ट सोडला होता. मग बाईने ताकीद दिली होती: शनिवारी वीणा मिस बूट तपासतील. तोवर रिबन शिवायची नाही, बूट घालायचे नाहीत, डाग तर अजिबात पाडायचा नाही. मिस नाही म्हणाल्या तर पुढचे बूट जुलैत.

जुलैचं देवश्रीला काही वाटलं नसतं. तिला भीती ईराची वाटत होती. आठ महिन्यांपूर्वी आजी गेली तेव्हा ईरा रडली नव्हती. ती शाळेत जायची, जेवायची, विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायची आणि बुधवारी-शनिवारी क्लासला जायची. पूर्वी तिला आजी घेऊन जायची आणि दीड तास हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसायची. आता देवश्री सोडायची आणि गाडीत बसून ऑफिसचे फोन घ्यायची. ही मुलगी त्या क्लासवर कशीबशी टांगलेली आहे, आणि आता ती खुंटीच तेलात बुडाली आहे, असं देवश्रीला वाटलं.

ईराची आजी, प्रतिमा, असती तर हे झालंच नसतं. या घरात प्रत्येक गोष्ट देवश्रीच्या आईला विचारून व्हायची. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि पटलं तर राजाजीनगरच्या शेजारणींकडून उचललेला एकच कानडी शब्द म्हणायची: "सरी." तो शब्द आला नाही तर विषय संपला. गेल्या आठ महिन्यांत घरात तो कुणी उच्चारला नव्हता. तेवढ्या काळात मधुकररावांनी मिक्सर पूर्ण उघडून पाहिला होता, देवघरात बटणावर चालणारी समई बसवली होती आणि तुळशीला युरिया घातला होता.

"ईराला कळता कामा नये," देवश्री म्हणाली.

ईरा साडेसातला उठली, दूध प्यायली, वेणी घालून घेतली. बुटांचा डबा कपाटात नव्हता, तरी तिने बुटांबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. तीन दिवस रोज सकाळी डबा उघडून पाहणारी मुलगी आज बाल्कनीकडे पाठ करून बसली होती. स्कूलबस गेल्यावर देवश्रीला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग नवऱ्याला उठवलं. मुकुल पुण्याचा, आयटीतला. कुठलंही संकट आलं की आधी लॅपटॉप उघडायचा.

"ओके. सॅटिनवरचं ऑइल. बेसिकली ॲबसॉर्ब करायचं. टाल्कम पावडर म्हणतायत."

घरातली सगळी पावडर संपली. तेल जिथल्या तिथे राहिलं.

"डाळीचं पीठ लावा," मधुकरराव म्हणाले. "दिवाळीला अंगाचं तेल कशाने जातं?"

या वेळी त्यांना थांबवायला हवं होतं, हे देवश्रीला नंतर कळलं. पण त्या क्षणी ते बरोबर वाटलं. अर्धा किलो पीठ बुटांच्या आतबाहेर चोळल्यावर त्याचा दाट पिवळा लगदा झाला. मुकुल बराच वेळ बघत होता.

"आता फक्त तळायचं राहिलंय," तो म्हणाला.

"मुकुल."

"सॉरी. पण वास खरंच मस्त येतोय."

लगदा निघेना म्हणून ओल्या फडक्याने पुसलं. ओलं झालं म्हणून केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. त्या गरम वाऱ्यात खळ सैल पडली. मधुकररावांनी दोन्ही बुटांची टोकं अंगठ्याने दाबली आणि डोळे मिटून निकाल दिला.

"डावा नरम झालाय. उजवा अजून पहिल्यासारखाच कडक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कारखान्यात दोन्ही परत पाठवले असते."

शेवटी देवश्रीने मुंबईच्या बाईला फोन लावला. दोनदा कट केला आणि तिसऱ्यांदा वाजू दिला.

"तेल पडलंय त्यांच्यावर."

"थोडं पडलंय का?"

"आत भरलं होतं."

"कसलं तेल?"

"एरंडेल."

फोन कट झाला की काय म्हणून देवश्रीने तो कानापासून दूर करून पडद्याकडे पाहिलं.

"बावीस वर्षं हे काम करतेय मी," बाई शेवटी म्हणाली. "एका मुलीचे बूट आईने प्रेशर कुकरवर ठेवले होते. तुम्ही त्यांच्या पुढे गेलात. हे बघा, तो जोड तिच्या पायात जाऊ देऊ नका. एक टोक नरम, एक कडक असेल तर वर चढल्या चढल्या ती कोसळेल. आणि त्या मापाचा दुसरा जोड माझ्याकडे जुलैशिवाय नाही."

शुक्रवारी मधुकरराव कुणालाही न सांगता मेट्रोने चिकपेटला गेले आणि दुपारी फिकट गुलाबी सॅटिनचं दोन मीटर कापड घेऊन परतले. "वरून नवं कव्हर शिवून टाकू. दुकानदार म्हणाला, अण्णा, रंगात स्वल्पसुद्धा फरक नाही. मिसना कळणार नाही."

"आणि ईरा पडली तर?"

मधुकररावांनी कापडाची घडी पुन्हा केली, मग आणखी लहान केली. कापड शर्टाच्या खिशात मावेल एवढं होईपर्यंत ते घड्या घालत राहिले.

"मग सांगू या," ते म्हणाले.

पण शुक्रवारी सांगणं झालं नाही. रात्री ईरा जेवायला बसली. देवश्रीने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा तिला भात वाढला. ईराने तो तिन्ही वेळा खाल्ला.

शनिवारी गाडी मुकुलला हवी होती, म्हणून रिक्षा केली. मध्ये ईरा, मांडीवर बुटांची बंद पिशवी. एका बाजूला देवश्री, दुसऱ्या बाजूला मधुकरराव. त्यांना येऊ नका म्हटलं होतं. विजयनगरच्या सिग्नलला रिक्षावाल्याने दोनदा हवेत नाक फिरवलं आणि मागे वळून हळुवारपणे विचारलं, "अक्का, आस्पत्रेगा?"

"दवाखान्यात नाही, क्लासला," देवश्री म्हणाली. त्याला ते पटलं नसावं. पुढचा प्रत्येक खड्डा त्याने आजारी माणूस नेत असल्यासारखा सांभाळून पार केला. ईराने पिशवी उघडली नाही. वास कसला आहे, हेही विचारलं नाही.

वीणा मिस बेळगावच्या. त्यांना मुली घाबरत आणि मुलींपेक्षा पालक जास्त घाबरत. त्या हॉलच्या दारातच उभ्या होत्या. पायात करकरीत नव्या कोल्हापुरी वहाणा आणि दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्ट्या. त्यांच्यामागे, दाराला टेकून, आजीची खुर्ची अजून तिथेच होती. ती कुणी हलवली नव्हती.

"आणा बगू," मिस म्हणाल्या. त्यांनी एक बूट दोन बोटांनी बाहेर काढला आणि नाकाजवळ नेला.

"एरंडेल."

"हो," देवश्री म्हणाली.

"आणि?"

"डाळीचं पीठ."

"हळद घातला नाही ते बरं केला." मिसनी बूट दाबला, मग दुसरा दाबला. "कुणी केला हे?"

"चूक माझी आहे," देवश्री म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

"तिचा काही संबंध नाही. मी केलं," मधुकरराव म्हणाले. "माझ्या डोक्यातून निघालं. मला कुणीही सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं होतं," ईरा म्हणाली.

ती दोघांमध्ये खाली बघत उभी होती. "मी आजोबांना म्हटलं, हे फार कडक आहेत, काहीतरी करा. आणि आईला सांगू नका असंही म्हटलं."

देवश्रीने वडिलांकडे पाहिलं. ते शर्टाच्या खिशातलं कापड चाचपत होते. चहाचा तो लांबलेला घोट तिला आता समजला.

"कडक होते म्हणून?" मिसनी विचारलं.

ईरा एका दमात बोलली. "त्या बाईंनी वर उभं राहा म्हटलं ना, तेव्हा एकदम सगळं खाली गेलं. मला वाटलं, मी पडणार. आधी पडले तर आजी असायची इथे. ती काही करायची नाही, नुसती बसलेली असायची. मला वाटलं, बूट मऊ झाले तर एवढं उंच जायला नको."

आत कुणीतरी पियानोची रेकॉर्ड लावली आणि लगेच बंद केली.

"दरवर्षी असंच की," मिस म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका मुलीचे बूट कुत्र्याने खाल्ले. त्यांच्या घरात कुत्रा नव्हता. त्याच्या आधी एकीचे बसमध्ये राहिले, आणि ती चालत येते क्लासला." त्यांनी बूट पिशवीत टाकले आणि पिशवी घट्ट बांधली. "घाबरते ते बरं आहे. न घाबरता वर चढतात त्या पडतात. जुलैपर्यंत कठड्याला धरून रोज करायचं, साध्या बुटांत. काय?"

ईराने मान हलवली. तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं, मग तोच हात पुन्हा नाकाशी नेला.

"भजी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की हसतेय की रडतेय हे देवश्रीला कळेना. दोन्ही असावं. बराच वेळ चाललं ते. मिसनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"आजोबा," मग त्या म्हणाल्या, "तुमी बसा त्या खुर्चीवर. दर शनिवारी. हात मांडीवर ठेवायचे. कशाला लावायचे नाहीत."

मधुकरराव बसले. दीड तास त्यांनी हात मांडीवर ठेवले. फक्त एकदा, खुर्चीचा एक पाय हलतो आहे असं वाटून, ते खाली वाकले होते; पण आतून ईराने पाहिलं आणि ते सरळ झाले.

पुढच्या आठवड्यात, रविवारी सकाळी, देवश्रीने बाल्कनीचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. तीच परात, तेच एरंडेल. आत पायताणांचा एक जोड काठापर्यंत बुडालेला. तिने वाकून नीट पाहिलं. कोल्हापुरी वहाणा होत्या, जवळजवळ नव्या. एका पट्ट्याला चिकटपट्टीचा तुकडा अजून चिकटलेला होता.

परातीच्या कडेला मधुकररावांच्या कारखानी अक्षरातली चिठ्ठी होती: "वीणाबाईंच्या आहेत. चामड्याच्याच आहेत, तपासून घेतलं आहे. या वेळी आधी विचारलं आहे."

कुणाला विचारलं, ते खाली वेगळ्या पेनाने, ईराच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं. एकच शब्द होता.

सरी.