चुन्याच्या रेघांतला निवारा

गुणवंतराव भुयार रोज दुपारी बारा ते तीन प्रवासी निवाऱ्यात बसतात. तिथे निवारा नाही.

मोर्शीकडे जाताना एक फाटा लागतो, त्या फाट्यावर त्यांनी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर एक चौकोन आखला आहे. मापं करारातली. चौकोनात दोन घडीच्या खुर्च्या, एका खुर्चीवर ते. डोक्याला दुपट्टा, मांडीवर फाईल आणि पायाशी बंद छत्री. समोरच्या बाजूला फक्कीत थोडी फट ठेवली आहे, ते दार. आत यायचं ते तिथूनच. कोणी बाजूने आलं की गुणवंतराव फाईलमधून मान वर करतात.

"भिंतीतून कावून येता बापा?"

बकरीलाही ते दारातूनच बाहेर काढतात.

हा रस्ता एका खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधला आहे. ठरलेली वर्षं तिने टोल घ्यायचा आणि नंतर रस्ता सरकारला परत द्यायचा, असा करार. कराराला परिशिष्टं आहेत. त्यांतल्या एकात या फाट्यावर छप्पर आणि बाकांसह एक प्रवासी निवारा लिहिला आहे. काम पाहून स्वतंत्र अभियंत्याने पूर्णत्वाचा दाखला दिल्याशिवाय टोल सुरू होत नाही. दाखला मिळाला आणि टोलही सुरू झाला. तपासणीच्या यादीत निवाऱ्यापुढे कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'अस्तित्वात आहे'. गुणवंतरावांनी माहितीच्या अधिकारात त्या यादीची प्रत काढली. खालची सही ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

"आता सांगा, हे सही हाय का गांडूळ हाय?"

ते गांडूळ माझं आहे.

तेव्हा मी अकोल्याच्या एका सल्लागार कंपनीत होतो. स्वतंत्र अभियंत्याचं काम आमच्याकडे होतं. मे महिना होता आणि गाडीत एसी चालू होता. फाटा आला तेव्हा साहेब म्हणाले, "निवारा होऊन जाईल, लिहून टाका." उरलेल्या कामांच्या यादीत त्याची नोंद करता आली असती, नियमात तशी सोय आहे. पण त्यासाठी खाली उतरून जागा मोजावी लागली असती, आणि बाहेर फार ऊन होतं. म्हणून मी उतरलो नाही. माझ्या पापाचं कारण एवढंच, आणि ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढे नोकरी सोडून मी अमरावतीला राजापेठेत राहायला आलो. एक दिवस पेपरात चौकोनात बसलेल्या गुणवंतरावांचा फोटो पाहिला आणि रविवारी स्कूटर काढली. का, ते मलाच कळलं नाही.

"मी विम्याचं काम करतो," मी सांगितलं. हेही खोटंच.

"कागदावर लिवून द्या," ते म्हणाले आणि वही पुढे केली. निवाऱ्यात येणाऱ्यांची ती नोंदवही. नाव, गाव, शेरा. शेऱ्यात मी घाबरून 'व्यवस्था उत्तम आहे' असं लिहिलं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी खुर्ची उघडली.

"बसा साहेब. उनात कावून उभे हा?"

तेव्हापासून दीड वर्ष मी दर रविवारी जातो. त्यांचा कशावरच विश्वास नाही. न्हाव्याकडे पुढे-मागे दोन आरसे धरून मानेची तपासणी झाल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नाहीत. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत 'स्वरुची भोजन' वाचून त्यांनी व्याह्यांना फोन केला होता, "याचं परिशिष्ट कुठं हाय?" छत्री ते स्वतःवर कधी धरत नाहीत. "कंपनी म्हनन, यायनं आपली सोय करून घेतली." लेकुरवाळी बाई आली तर मात्र निमूटपणे उघडून देतात.

मला ते सतत आडून प्रश्न विचारत. अकोल्यात कोणी ओळखीचं आहे का? मे महिन्यात कधी इकडे आला होता का? मी विम्याबद्दल बोलत राही. यांना कळलंय का, हा एकच विचार डोक्यात असे.

गेल्या रविवारी बेबीताई बसची वाट पाहत उभ्या होत्या. त्या संत्र्याच्या बागेत कामाला जातात.

"काकाजी, तुमच्या बंगल्यात पाहुन्याले खुर्ची अन् आमी उभ्या?"

"बाकं येऊन राहिले, बेबी. परिशिष्टात हायेत."

"आमी मरू तवा येतीन." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "त्या खुर्चीवर कोनाले बसू देत नाई हे. ज्यानं सही मारली त्याच्यासाठी ठेवली म्हनते."

बस आली, बेबीताई गेल्या. मी त्या खुर्चीवरच बसलेलो होतो. गुणवंतराव रस्त्याकडे पाहत राहिले.

"ती सही माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी फाईल उघडली. तपासणीची यादी आणि नोंदवहीतला माझा पहिला शेरा शेजारी शेजारी ठेवला.

"तहसीलबाहीर बसून चाळीस वर्सं लोकायचे अर्ज लिवले, साहेब. अक्षर ओयखतो मी. पयल्याच दिवशी ओयखलं."

"मग तक्रार का नाही केली?"

त्यांनी फाईलच्या तळातून तक्रारीचा अर्ज काढला. दीड वर्षापूर्वीचा होता, कडा पिवळ्या पडलेल्या. सगळं लिहिलेलं, फक्त सही करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

"नाव टाकलं असतं तं तुमी परत आले असते का?" छत्रीच्या मुठीशी चाळा करत ते म्हणाले. "घरी चार खुर्च्या हायेत. बसनारा मी एकटा."

बेबीताई मघाशी जिथे उभ्या होत्या ती जागा उन्हात तापत होती. मी पेन काढलं आणि कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं.

त्यांनी ते चष्मा वर करून तपासलं. "सही बी करा. वाचता येईन अशी."

मी केली. अर्ज फाईलमध्ये ठेवून त्यांनी नाडी बांधली.

"निवारा झाल्यावर बी येसान?"

"येईन."

त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं आणि नोंदवही पुढे सरकवली.

"कागदावर लिवून द्या."

मी लिहू लागलो. पानावर सावली पडली म्हणून वर पाहिलं. गुणवंतरावांनी छत्री उघडून माझ्यावर धरली होती.