रेवणअण्णा आणि गल्लीचं पाणी

रेवणअण्णांना रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणापासून लपलेली नव्हती. उलट गल्लीला तिचा अभिमान होता. गल्लीपेक्षा जास्त अण्णांना.

कारण सोलापूरचं पाणी. चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. आम्ही गजर लावून थकलो. अण्णा तसेही उठलेलेच असायचे. जाता जाता नळाची तोटी फिरवून बघायचे, आणि धार लागली की काठी टेकत दारं वाजवत निघायचे. कानडी बोलणाऱ्या भाऊबंदांच्या दारी "नीरू बंतु!", आमच्या दारी "उठा, पाणी आलं!", तेलुगू विणकर व्यंकटेशमच्या दारी "नीळ्ळु वच्चिनय!" आणि टेम्पोवाल्या रशीदभाईंच्या दारी "पानी आया, भाई!" एक दार चुकायचं नाही, एक भाषा चुकायची नाही.

"आपलं मशीन हाय," ते छाती काढून सांगायचे. "बिनसेलचं!"

अण्णा मूळचे दुधनीचे. भुसार मालाचं दुकान केलं, सत्तरी ओलांडल्यावर बंद केलं. बायको मागेच गेली, मुलगा पुण्यात. तो फोनवर डॉक्टरला दाखवा म्हणून मागं लागायचा. अण्णांचं उत्तर ठरलेलं : "मी बरा झालो तर गल्ली तहानेनं मरंल की!" पाण्याचा दिवस जवळ आला की झोपताना तांब्याभर पाणी जास्तच प्यायचे. ड्युटी चुकायला नको.

मग एकदा घाईनं उठताना चक्कर आली आणि मोरीत पडले. मनगट चांगलंच सुजलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं.

"हा रात्री उठण्याचा त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"तरास कसला? सेवा हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग रीतसर तपासलं, सोनोग्राफी केली. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. या वयात पुष्कळांची वाढते, औषधानं फरक पडेल, म्हणाले. अण्णा बीपीची गोळी झोपताना घेत होते, आणि त्या गोळीनंच लघवी जास्त व्हायची. "ही सकाळी घ्या. संध्याकाळनंतर चहा-पाणी बेतानं. आणि उठताना आधी कॉटवर जरा बसा, मग उभं राहा."

"आन् तांब्या?"

"तांब्या बंद."

निवृत्तीचा हुकूम हातात पडावा तसा अण्णांचा चेहरा झाला.

औषध लागू पडलं. महिन्याभरात अण्णा गाढ झोपू लागले, आणि एका रात्री पाणी येऊन गेलं. सकाळी गल्लीभर रिकामे बॅरल. अण्णा आमच्या दारात येऊन उंबऱ्यावर टेकले, टोपी हातात.

"माफ करा. मला कळलंच न्हाई."

माझी बायको सुनंदा हसली. "टँकर सांगितलाय, अण्णा. तुमची झोप झाली का, ते सांगा."

"लई झोपलो," ते गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले.

"आता आम्ही आळीपाळीनं उठू," मी म्हणालो. "इतकी वर्षं तुम्ही केलंत. अशी सेवा सोलापुरात दुसऱ्या कुठल्या गल्लीला मिळाली नसेल."

अण्णा सुखावले, पण उठले नाहीत. टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिले.

"एक सांगू? दर खेपेला पाणी आलेलंच असायचं, असं न्हाई."

"म्हणजे?"

"तुमी नळ सोडून बगायचा आन् म्हणायचा, गेलं वाटतं. गेलं नव्हतं. आलंच नव्हतं." ते खाली बघत होते. "दार वाजवलं की आतनं कुणीतरी 'आलो, अण्णा' म्हणतंय. तेवढं ऐकलं की मग डोळा लागायचा."

मग सुनंदा म्हणाली, "मग दिवसा वाजवा की दार."

"दिवसा वाजवायला कारण लागतंय."

"आमच्याकडं न्हाई लागत."

अण्णांनी टोपी नीट डोक्यावर बसवली. ताठ उभे राहिले.

"बरं. उद्यापासनं सकाळच्या चहाला येतो. पण उशीर झाला तर तुमीच या उठवायला." आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "आता मला लई गाढ झोप लागतीय."