अनोळखी बांबूचा पंचनामा

मेढ्याच्या सुभेदार लालासाहेबांच्या परसातला बांबू वाळू लागला, तेव्हा त्यांनी ही बाब रीतसर वर कळवली. चूक तिथंच झाली. पण अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला गडी. दाढ दुखली तरी आधी वर कळवायचं, मग कण्हायचं, ही सवय.

बांबू आसामकडचा. निवृत्तीच्या दिवशी तिकडच्या एका दोस्तानं ओल्या मोज्यात गुंडाळून कंद दिला होता. दोस्त पुढं राहिला नाही, बेट मात्र वाढलं. सुभेदारांचा जीव त्याच्यात अडकलेला. बांबूच्या जातीचं नाव तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

"आवं, बुडात राख टाका, दोन घागरी पाणी घाला," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

"कंचा बांबू हाय ते कळल्याबिगर पाणी न्हाई. उलटं झालं तर?"

साताऱ्याच्या 'बांबू ओळख व पुनरुज्जीवन कक्षा'तल्या आप्पासो कारकुनांनी हेच मत उचलून धरलं. "ओळख ह्या टेबलाला, पुनरुज्जीवन पलीकडच्या. आधी ओळख. त्याशिवाय पलीकडं बघायचंसुदिक न्हाई."

जीप आली, पंचनामा झाला. 'उंची अंदाजे वीस फूट, बांधा सडपातळ, रंग पिवळा, अंगावर कपडे नाहीत, विचारले असता बोलत नाही.' बेटाभोवती फीत बांधून पाटी लावली: 'नमुना. पाणी घालू नये.' हुकूम तो हुकूम. सुभेदार स्टूल टाकून स्वतःच्या बायकोपासून स्वतःच्या बांबूचं रक्षण करू लागले.

महिन्यानं अहवाल आला. पानांवरून ओळख पटत नाही, फूल पाहावे लागेल.

"फूल कवा येतं?" सुभेदारांनी विचारलं.

"चाळीस-पन्नास वर्सांनी, एकदाच," आप्पासो म्हणाले.

"आन् मग?"

"मग बेट मरतं."

"म्हंजे ओळख पटली की मेला?"

"व्हय. पण फाइल पुरी होती."

त्या दिवशी सुभेदारांनी आयुष्यात पहिल्यांदा बेटाकडं पाठ करून पहारा दिला. मागं घागरीचा आवाज होत राहिला. त्यांनी मान वळवली नाही. तीन आठवड्यांत वाळकी कांडी हिरवी झाली. गुडघाभर कोंब फुटले.

जीप पुन्हा आली. पंचनाम्यात बांबू पिवळा, जागेवर हिरवा. मूळ नमुना गायब करून भलताच उभा केल्याची नोटीस निघाली: आठ दिवसांत पिवळा बांबू हजर करा, नाहीतर हा उपटून जप्त होईल.

सुभेदारांचा चेहरा उतरला. आप्पासो खालच्या आवाजात म्हणाले, "सुभेदार, घरात रंगाचा डबा न्हाई व्हय?"

शालूबाईंनी पदर खोचला, सुभेदारांनी शिडी धरली. दोन दिवसांत प्रत्येक कांडं पिवळंधमक.

जीपमधून उतरलेल्या पथकानं निरखून पाहिलं. पंचनामा तंतोतंत जुळला. शिवाय पिवळा असून जिवंत; असा बांबू कुठल्याच पुस्तकात नाही. तेव्हा फुलाची अट शिथिल करून ओळख पटवण्यात आली: 'सुवर्ण बांबू, नवीन जात'. फाइल पलीकडच्या टेबलावर गेली आणि पाणी घालायची लेखी परवानगी मिळाली.

"आता घालू का?" शालूबाईंनी विचारलं.

"घाल. आता कायदेशीर हाय."

पेपरात फोटो आला. सुवर्ण बांबूनं घरात बरकत येते, हे कुणी शोधलं ठाऊक नाही, पण पंधरवड्यात सांगलीच्या धन्यकुमारांच्या नर्सरीपुढं रांग लागली. रोपं संपली. धन्यकुमारांनी रंग मागवला.

हसताय कशाला? तुमच्या गॅलरीतही एक आहेच की. रोज पुसताना हात पिवळे होतात, ती बरकतच समजा. फक्त पावसात ठेवू नका.