कार्बनची गाडी आणि रामरावांचं धोतर

मंठ्याला मुलगी बघायला जाण्याचा दिवस परवावर आला होता, आणि नवरदेव बद्रीनाथ जालन्यात मस्तगडातल्या महेमूदच्या दुकानासमोर आपल्या सेकंडहॅंड मारुतीचे दरवाजे उघडे टाकून बसला होता.

दोन हजार चारचा मे महिना. महेमूद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. कूलरची टाकी, रिक्षाचं मडगार्ड, फायबरचं जे म्हणाल ते तो करून द्यायचा. त्याचा मेव्हणा पुण्याला रेसच्या गाड्या सजवणाऱ्या वर्कशॉपात होता. त्यानं कार्बन फायबरच्या कापडाचा एक उरलेला तुकडा आणून दिला होता. काळंभोर, बारीक चटईच्या विणीचं, उन्हात धरलं की पाण्यासारखं लकाकणारं.

"डॅशबोर्डला, पुढच्या दरवाजांना आन् गिअरच्या बाजूला याचे पॅनल बनवू," महेमूद म्हणाला. "मंठ्यात असं कोणी पाह्यलं नसंल."

"परवापर्यंत होईल का?"

"बिलकुल. कापड आन् रेझिन, बस. कूलर काय, गाडी काय."

दोन्हींत फरक असतो हे दुपारी कळलं. रेझिनचा चिकट द्रव घट्ट करायला त्यात हार्डनर घालावं लागतं. घाईत महेमूदनं ते सढळ हातानं घातलं आणि जालन्याच्या उन्हानं आपली भर टाकली. तो साच्यात कापड सारखं करून वळला, तोवर मगातून धूर निघत होता आणि ब्रश मगात ताठ उभा होता. दोघांनी मिळून ब्रश ओढला, तर अख्खा मगच वर उचलला गेला.

"गरमी जास्ती हाय," महेमूद म्हणाला. "आता हार्डनर कमी घालतो."

या खेपेला त्यानं ते इतकं बेतानं घातलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठं पॅनल कोरडे झाल्यासारखे वाटले. ते बसवून झाल्यावर दोघांनी आत डोकावून पाहिलं. त्या काळ्या चकाकीत महेमूदच्या दुकानाचा पिवळा दिवासुद्धा श्रीमंत दिसत होता.

बद्रीनाथला घाई असायला कारण होतं. त्याचे वडील रामराव आष्टीचे जमीनदार, आणि माणूस पसंत पडायला महाकठीण. एका ठिकाणी मुलीच्या मामानं जांभई दिली, दुसऱ्या ठिकाणी चहा बशीशिवाय आला, एवढ्यावरून त्यांनी "कळवतो" म्हणून काढता पाय घेतला होता. मुलगा तिशीला टेकला होता. आणि मंठ्याच्या या कौसल्येला त्यानं परतूरच्या एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिलं होतं. तिथं भूक नसताना पुन्हा पुन्हा भात मागून घेतला होता. हे ठिकाण त्याला घालवायचं नव्हतं.

निघायच्या सकाळी रामरावांनी गाडीत डोकावून पाहिलं.

"ही कोळशाची चटई कशाला ठोकली?"

"कार्बन फायबर हाय दादा. विमानाला लावतात."

"मंग विमानालाच राहू द्यायची."

कडक इस्त्रीचं धोतर सावरून ते पुढं बसले. माणूस ऐसपैस, गाडी लहान. डावा गुडघा दरवाजाला टेकला, उजवा गिअरच्या पॅनलला. मागच्या सीटवर महेमूद आपल्या कामाकडं कौतुकानं बघत होता. बद्रीनाथनं गाडी काढली.

मंठ्याला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. मुलीचे वडील कडूबा हात जोडून गाडीपाशी आले. रामरावांनी दरवाजा ढकलला, तसं धोतरही दरवाजाबरोबर बाहेर निघालं. त्यांनी दरवाजा धाडकन परत लावून घेतला. कडूबांच्या तोंडावर.

"बद्र्या," ते ओठ न हलवता म्हणाले, "मी चिकटलो."

"कुठं?"

"दोन्हीकडून."

महेमूदनं मागून वाकून पॅनलला अंगठा लावला. तो सोडवायला त्याला जोर लावावा लागला. "उन्हानं नरम पडलं, दादा. सावलीत ठेवली गाडी, तर संध्याकाळपर्यंत बराबर होईल."

"आन् तोवर मी?"

तेवढ्यात कडूबा खिडकीशी आले. "रामराव, आमचं काही चुकलं का?"

"न्हाई न्हाई. बसलो की इथंच. वारा छान हाय."

झाडाचं पानही हलत नव्हतं. त्यातून रामरावांना मुलीकडच्यांची चूक सापडली नाही, असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. तेव्हा प्रकरण गंभीर आहे याबद्दल कडूबांच्या भावकीचं एकमत झालं. फेट्याची तयारी दिसली नाही म्हणून पाहुणे रुसले, असं एकानं सांगितलं. फेटा आला. खिडकीतून बांधलाही. रामरावांनी मुकाट्यानं मान पुढं केली, कारण मान तेवढी मोकळी होती. मग नारळ आला.

"फार झालं," ते हात जोडून म्हणाले.

"पाहा, म्हणून राह्यले फार झालं," कडूबा घाबरून बहिणीला म्हणाले. "आता काय करावं, गोजरबाई?"

"ते उतरत न्हाईत तर पोरगी न्या गाडीपाशी," गोजरबाईंनी निकाल दिला.

कौसल्या चहाचा ट्रे घेऊन खिडकीशी आली. रामरावांनी दोन्ही मुठींत धोतर घट्ट धरलं होतं. तिनं ते पाहिलं, चकाकणारं पॅनल पाहिलं, आणि हळूच विचारलं, "काका, धोतर चिकटलं का?"

सकाळपासून त्यांना सरळ प्रश्न विचारणारी ती पहिलीच. रामरावांचा आवाज एकदम लहान झाला. "हो, पोरी. कोणाला सांगू नको."

"न्हाई सांगत."

तिनं ट्रे बॉनेटवर ठेवला, पाहुण्यांना उन्हाचा त्रास झालाय एवढंच सगळ्यांना सांगितलं आणि घरातून मोठी चादर आणि वडिलांचं नवं धोतर घेऊन आली. धोतर तिनं खिडकीतून आत दिलं, चादर बद्रीनाथच्या हातात.

"नीट धरा," ती त्याला म्हणाली, "आन् तिकडं तोंड करा."

एक टोक बद्रीनाथनं धरलं, दुसरं महेमूदनं. आतून बरीच खुडबुड, एक शिवी आणि एक टर्र असा आवाज ऐकू आला. मग चादर खाली आली आणि रामराव उतरले. डोक्यावर फेटा, हातात नारळ, अंगावर कडूबांचं कोरं करकरीत धोतर.

एव्हाना सगळी गल्ली ओट्यांवर जमली होती. चादरीमागं काय झालं ते कोणाला दिसलं नव्हतं. दिसला तो व्याह्याचा आहेर घेऊन उभा असलेला वरबाप. शेजारच्या पुष्पाबाई साखर घेऊन धावल्या. एका म्हाताऱ्यानं कडूबांना मिठीच मारली. "जमलं म्हणायचं का, कडूबा?"

कडूबांनी भीतभीत रामरावांकडं पाहिलं. रामरावांनी कौसल्येकडं पाहिलं. आत चिकटून राहिलेलं धोतर कोणाच्या लक्षात येण्याआधी ती गाडीच्या काळ्या काचा वर करून घेत होती. "कळवतो" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही असेल. पण दुसऱ्याचं धोतर नेसून तो म्हणणं अवघड होतं.

"जमलं," ते म्हणाले.

आता रामराव नाहीत. ती मारुतीही केव्हाच विकली गेली. पण ते होते तोवर आष्टीच्या बाजारात कुणी सोयरिकीचा सल्ला विचारला की पान जुळवत ऐटीत सांगायचे, "लोकं घरात बसून, चहा पिऊन, कळवतो म्हणतात. मी गाडीतून उतरायच्या आधीच पोरगी पसंत केल्ती."