सिद्धेशच्या रजेचा अर्ज

सिद्धेश गणपतीला गावी निघाला होता आणि त्याने कुणाकडे रजा मागितली नव्हती, हे मधुकर तावड्यांच्या काही केल्या घशाखाली उतरेना. चारकोपच्या एका कारखान्यात ते जन्मभर राबले होते. अर्ज न देता गाव गाठणं म्हणजे त्यांच्या लेखी हातची नोकरी घालवणं.

"साहेबाक सांगितलंस?"

"बाबा, साहेबच नाही. ॲपवर ऑर्डर येते, मी जेवण पोचवतो. मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, नोकर नाही."

"मग गुडघो फुटलो तेव्हा कंपनीन काय दिल्यान?"

"हेच उत्तर दिलं," म्हणत सिद्धेश आंघोळीला गेला.

मधुकररावांना राहवेना. पोराची लागलेली भाकरी सुटू नये म्हणून त्यांनी त्याचा फोन उचलला आणि ॲपच्या 'मदत' विभागात शिरले. रजेचा पर्याय कुठेच नव्हता. 'मृत्यू कळवा' मात्र होता. ते पाहून त्यांचा चेहरा खुलला. कारखान्यात असताना दर गणपतीला ते एक आत्या मारायचे आणि साहेब सगळं माहीत असून सही करायचे. त्यांनी बेलाशक बटण दाबलं. पुढे 'आपले नाते?' असं विचारलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे 'वडील' निवडलं.

सिद्धेश टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा त्याचा आयडी बंद झाला होता. स्क्रीनवर पणती तेवत होती. खाली लिहिलं होतं, 'आमचा निष्ठावंत कर्मचारी सिद्धेश तावडे याच्या निधनाने कंपनी शोकाकुल आहे.'

"वाट लावलीत, बाबा! आयडी गेला तर परत आल्यावर खायचं काय?"

सिद्धेशने हेल्पलाइन लावली. गंधाली नावाच्या मुलीने फोन उचलला.

"मॅडम, सिद्धेश तावडे बोलतोय. मी जिवंत आहे."

"सर, स्वतःला सावरा. वडिलांना फोन देता का?"

मधुकररावांनी फोन घेतला. "अहो बाई, झील माझ्या समोर उभो आसा. टॉवेलावर!"

"काका, सुरुवातीला असे भास होतात. आमच्या आजीलाही व्हायचे."

सिद्धेशचं डोकं सटकलं. त्याने फोन हिसकावला.

"बरं, मेलो! पण तुम्ही मला कर्मचारी लिहिलंय ना? मग पीएफ, ग्रॅच्युइटी, गुडघ्याचा खर्च, सगळं बाबांना द्या. मेसेजचा स्क्रीनशॉट घेतलाय. युनियनवाल्यांना पाठवतोय."

पलीकडे एकदम कुजबुज झाली. मग संगीत वाजलं. ते संपायच्या आत पणती विझली, आयडी चालू झाला आणि नवा मेसेज आला. 'प्रिय सिद्धेश, आपण हयात असल्याची आमची खात्री पटली आहे. कृपया नोंद घ्यावी, आपण कर्मचारी नसून स्वतंत्र व्यावसायिक आहात.'

"सुटलो!" सिद्धेश फोन खिशात टाकायला गेला आणि टॉवेलला खिसा नसल्याचं त्याच्या लक्षात आलं.

मधुकरराव मात्र मटकन पलंगावर बसले.

"आता काय झालं, बाबा?"

"मेल्या, तुका आणखी थोडो येळ मरान ऱ्हवाक काय झाला होता? आत्ता खंय पर्मनंट झाललंस!"