टिटवीच्या अंड्यांचा तपास

मुलांनो, एका जंगलात पुस्तक एकच होते आणि ते सगळ्यांना पाठ होते. साळिंदरपंत नावाच्या थोर गुप्तहेराने लावलेल्या तपासांची ती हकिगत. पोपट ती रोज पाणवठ्यावर वाचून दाखवी. शेवटी पंत सगळ्यांना जांभळाखाली जमवत आणि ज्याचा कोणालाच संशय नसे, नेमका तोच चोर निघे. मग सगळ्यांनी "वाटलं नव्हतं हो" म्हणायचे, अशी पद्धत होती.

एके सकाळी टिटवी पाणी पिऊन परतली, तर मुंगूस तिच्या घरट्यात बसलेले. मिशांना बलक. एकच अंडे शिल्लक. टिटवीने आकांत केला. मुंगूस पळाले नाही. पोट जड झाले होते.

पंत स्वतः आले, तेव्हा टिटवीला धीर आला. तिचे मागणे एवढेच होते, की मुंगसाला ओढ्यापलीकडे घालवा, उरलेले अंडे तरी उबवू द्या.

"मीच खाल्ली," मुंगूस म्हणाले.

पंत हसले. "कोणाला तरी पाठीशी घालतंय बिचारं."

"पंत, मी डोळ्यांनी पाहिलं," टिटवी म्हणाली.

"बाई, तुम्हाला जे दिसावं असं चोराला वाटत होतं, तेच तुम्ही पाहिलंत."

मंडळी जांभळाखाली जमली. पंतांनी काटे फुलवले, येरझारा घातल्या आणि कासवाकडे पंजा रोखला. कासवाने काकुळतीने सांगितले, की आपण पावसाळ्यापासून तळ्याबाहेर आलोच नव्हतो.

"तेच तर," पंत म्हणाले. "इतकं निर्दोष कोण असतं?"

"वाटलं नव्हतं हो," सगळे म्हणाले.

कासव हद्दपार झाले. मुंगूस निर्दोष ठरले, म्हणून अंड्याची राखण त्याच्याकडेच दिली.

दुसऱ्या सकाळी अंडे नव्हते. पंतांनी बराच विचार केला.

"हद्दपार असूनही हात मारला," ते म्हणाले. "मोठं पाताळयंत्री निघालं कासव."

कासव अजून ओढ्यापर्यंत पोहोचलेही नव्हते.

"वाटलं नव्हतं हो," सगळे म्हणाले.

"मला वाटलं होतं," टिटवी म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिले. शेवट आधीच सांगून गोष्टीची मजा घालवणारे त्या जंगलात कोणाला खपत नसत. टिटवीलाही ओढ्याची वाट दाखवली गेली. वाटेत तिला कासव भेटले. मग दोघे मिळून चालू लागली.

तात्पर्य: चोरी करायचीच तर दिवसाढवळ्या करावी आणि लगेच कबूल करावी. इतकी सोपी गोष्ट हुशार मंडळींना पसंत पडत नाही.